पैसे गेले किती वाजता आणि 1930 ला फोन किती वाजता?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रात आठवड्यातून तीन-चार दिवस तरी आतल्या पानावर एक ठरावीक बातमी असते. अमुक वयाच्या निवृत्त गृहस्थांना इतक्या लाखांचा गंडा, व्हिडिओ कॉलवर तोतया पोलीस, खात्यातून रक्कम लंपास, आणि शेवटी ‘पोलीस अधिक तपास करीत आहेत’. गंडा कसा घातला याचे वर्णन त्यात चांगले असते. पैसे गेल्यावर पुढच्या दोन तासांत कोणी काय केले, हे मात्र कधीच नसते. रक्कम हाती लागणार की नाही हे बहुतेक वेळा त्या दोन तासांतच ठरते, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर 2022 मध्ये 10 लाख 29 हजार तक्रारी आल्या होत्या, 2024 मध्ये 22 लाख 68 हजार. बुडालेली रक्कम 2023 मध्ये 7,465 कोटी रुपये होती, ती 2024 मध्ये 22,845 कोटींवर गेली. हे आकडे केंद्र सरकारने संसदेत दिलेले आहेत. तक्रारी दुप्पट व्हायला दोन वर्षे लागली, रक्कम मात्र एकाच वर्षात तिप्पट झाली. याचा अर्थ एकेका माणसाकडून आता कितीतरी जास्त काढले जात आहे.

हे जमते कारण पद्धत बदलली. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटी गेले, तेव्हा हल्ला बँकेच्या यंत्रणेवर होता. आता यंत्रणा फोडायची गरजच उरलेली नाही, कारण पैसे खातेदार स्वतः पाठवतो. ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हे वाक्य आपण दहा वर्षे ऐकतो आहोत आणि लोक ते शिकलेही आहेत. पण डिजिटल अरेस्टमध्ये (तोतया पोलीस व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ केल्याचे भासवून पैसे उकळतात ती फसवणूक) किंवा शेअर ट्रेडिंगच्या खोट्या अ‍ॅपमध्ये ओटीपी कोणी मागतच नाही. माणूस शाखेत जातो, आरटीजीएसचा फॉर्म भरतो, सही करतो आणि धन्यवाद म्हणून बाहेर पडतो.

पैसे पुढे कुठे जातात ते पाहू. समजा दहा लाख गेले. ते ज्या खात्यात पडतात ते कोणा विद्यार्थ्याचे, रिक्षावाल्याचे, नाहीतर उद्यम नोंदणी काढून उघडलेले एखाद्या ‘ट्रेडर्स’चे चालू खाते असते. खाते त्याच्या नावाचे, पण पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक आणि खात्याला जोडलेले सिम अशी सगळी ‘किट’ तिसऱ्याच्या हातात. तिथून रक्कम काही मिनिटांत आठ-दहा खात्यांत फुटते, त्या प्रत्येकातून पुन्हा चार-पाच. तपासाच्या भाषेत याला थर म्हणतात. शेवटच्या थरात कुणी एटीएममधून रोख काढतो, कुणी सेल्फ चेक वटवतो, कुणी क्रिप्टो विकत घेतो. रोख निघाली की पाठलाग संपला. आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालू आहे, एनईएफटी त्याआधी वर्षभर. खाते रात्री अडीचला रिकामे होऊ शकते, शाखेचे शटर मात्र सकाळीच वर जाते. ‘उद्या बँकेत जाऊन विचारू’ म्हणणाऱ्याचे पैसे उद्यापर्यंत पाचव्या थरात पोहोचलेले असतात.

म्हणून पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकाला. हा क्रमांक नेमके काय करतो, हे पुष्कळांना माहीत नाही. तिथला कर्मचारी तुमची माहिती एका यंत्रणेत भरतो. तिच्याशी पोलीस, बँका आणि वॉलेट कंपन्या जोडलेल्या आहेत. तुमच्या बँकेला तत्काळ निरोप जातो. रक्कम ज्या बँकेत गेली ती बँक पाहते की पैसे अजून खात्यात आहेत का. असतील तर तेवढी रक्कम अडवून ठेवते, बँकेच्या बोलीत ‘लिन’ मारते. पुढे गेले असतील तर कोणत्या बँकेत गेले ते नोंदवते आणि निरोप तिकडे सरकतो. पळणारे पैसे आणि पळणारा निरोप यांची ही शर्यत आहे.

या शर्यतीत निरोप अडतो तो बहुधा व्यवहार क्रमांकापाशी. फोन लावण्यापूर्वी तो कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घ्यावा. यूपीआय आणि आयएमपीएसचा संदर्भ क्रमांक 12 अंकी असतो. एनईएफटीचा यूटीआर (म्हणजे व्यवहार क्रमांक) 16 अक्षर-अंकांचा, आरटीजीएसचा 22. आरटीजीएसच्या क्रमांकात पहिली चार अक्षरे पाठवणाऱ्या बँकेच्या आयएफएससीतली (शाखेच्या सांकेतिक क्रमांकातली) असतात, म्हणजे पहिल्या चारांवरूनच आपण बरोबर क्रमांक वाचतो आहोत की नाही ते कळते. गडबड शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांत होते. यूपीआय अ‍ॅपमध्ये एकाच व्यवहाराखाली दोन क्रमांक दिसतात, एक अ‍ॅपचा स्वतःचा आणि एक बँकेचा. हवा असतो तो बँकेचा, 12 अंकी. तो मिळत नसेल तर बँकेचा एसएमएस उघडावा. शिवाय आपला खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख व वेळ, नेमकी रक्कम आणि समोरच्याचा मोबाइल किंवा यूपीआय आयडी. रक्कम तीन हप्त्यांत गेली असेल तर तिन्हींचे क्रमांक वेगवेगळे द्यावेत. ‘एकूण चार लाख साठ हजार’ एवढेच सांगून उपयोग नाही.

1930 लवकर लागत नाही ही तक्रार खरी आहे. तेव्हा वाट पाहत बसू नये. घरातल्या एकाने फोन लावत राहावा, दुसऱ्याने सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर आर्थिक फसवणुकीच्या सदरात तक्रार भरायला घ्यावी, तिसऱ्याने बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करून घ्यावे. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागून किंवा पासबुकातून घ्यावा. तो गुगलवर शोधला तर चोरानेच टाकून ठेवलेला क्रमांक हाती लागण्याची शक्यता असते. तक्रार एका वाटेने नोंदली गेली की त्याच व्यवहाराची दुसरी करू नये, गोंधळ वाढतो. फोनवर नोंद झाली तर एसएमएसने पावती क्रमांक येतो. इथे पुष्कळ जण थांबतात आणि चूक होते. त्या क्रमांकाच्या आधारे 24 तासांच्या आत पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची असते, बँकेचा उतारा आणि स्क्रीनशॉट जोडून.

लाजेपोटी चॅट पुसून टाकणारे फार आहेत, विशेषतः अश्लील व्हिडिओ कॉलच्या धमकीत सापडलेले. क्रमांक ब्लॉक करा, पण काही पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपमधले ‘एक्स्पोर्ट चॅट’ वापरून सगळे संभाषण स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवा. आणि तक्रार केल्यावर आठवड्याभरात ‘तुमचे पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा’ असा फोन आला तर तो त्याच धंद्यातला दुसरा हप्ता समजावा.

आता बँकेची जबाबदारी. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी घातलेला नियम खातेदारांना जवळजवळ ठाऊकच नाही. खातेदाराची चूक नसताना आणि बँकेचीही नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून रक्कम काढली आणि खातेदाराने बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर त्याचे नुकसान शून्य. संदेश मिळाल्याचा दिवस यात धरत नाहीत. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10 हजारांचा भुर्दंड, मूलभूत बचत खात्याला 5 हजारांचा. सात दिवसांनंतर बँकेचे स्वतःचे धोरण लागू. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि 90 दिवसांत निकाल लावायचा. चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. नागरी सहकारी बँकांनाही असाच नियम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लागू झाला. पतसंस्थांना मात्र नाही, कारण त्या रिझर्व्ह बँकेच्या नव्हे तर सहकार निबंधकांच्या अखत्यारीत येतात. गावोगावी पतसंस्था आपापली अ‍ॅप काढत असताना ठेवीदारांनी हा फरक लक्षात घ्यावा.

या नियमातली मेख अशी, की ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर तो खातेदाराचा निष्काळजीपणा ठरतो. बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे चूक स्वतःची असली तरी कळवल्याची वेळ पैशांत मोजली जाते. त्यामुळे नुसता फोन पुरत नाही. तक्रार क्रमांक मागून घ्यावा, लगेच ई-मेल टाकावा, शाखेत दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि वेळ दोन्ही घ्यावेत. तारखेचा शिक्का सगळे मारतात, वेळ कोणी लिहीत नाही, ती मागून घ्यावी लागते. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, वकील लागत नाही. स्वतः सही करून पाठवलेला आरटीजीएस मात्र या नियमाच्या कक्षेत सहसा बसत नाही. सर्वांत मोठ्या रकमा जातात त्या याच वाटेने, आणि तिथे खातेदाराला कवच सर्वांत पातळ आहे.

म्हणून शाखेतल्या काउंटरवर थोडे अडखळायला लावणे गरजेचे आहे. डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे सोपवला. पण सत्तरीतला माणूस मुदत ठेव मोडायला येतो तेव्हा त्याच्या खिशातला फोन बहुधा चालूच असतो, पलीकडून सगळे ऐकले जात असते. ‘काका, एवढी रक्कम कशाला?’ असे तोंडी विचारले तर तो पढवलेले उत्तर देतो: मुलासाठी फ्लॅट, नातीचे शिक्षण. त्यामुळे कर्मचाऱ्याने कागदावर लिहून विचारावे, ‘फोन चालू आहे का? कोणी पैसे पाठवायला सांगितले आहे का?’ आणि कागद पुढे सरकवावा. दुसरे, एनईएफटी-आरटीजीएस करताना ज्याच्या खात्यात पैसे जायचे त्याचे नाव आधी दाखवण्याची सोय 1 एप्रिल 2025 पासून बँकांना सक्तीची आहे. ‘आरबीआय पडताळणी खाते’ म्हणून दिलेल्या क्रमांकापुढे कुठल्यातरी ‘एंटरप्रायझेस’चे नाव दिसते. ते नाव कर्मचाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवावे. रिझर्व्ह बँक व्यक्तींची खाती उघडत नाही आणि तपासासाठी कोणाचे पैसे मागवत नाही, ही पाटी मुदत ठेवीच्या काउंटरवर लावायला किती खर्च येतो?

घरच्यांनी करण्यासारखे एक काम. ज्येष्ठांची मोठी ठेव ज्या खात्याला जोडली आहे ते खाते दोघांच्या सहीने चालणारे ठेवावे. बहुतेक बँकांत अशा खात्यातून ऑनलाइन पैसे पाठवता येत नाहीत, फक्त शिल्लक दिसते. रोजच्या खर्चासाठी वेगळे छोटे खाते असावे आणि यूपीआय फक्त त्याला जोडावे. गैरसोय होते खरी.

दुसरा मोठा प्रकार एपीकेचा. व्हॉट्सअ‍ॅपवर, बऱ्याचदा ओळखीच्याच नंबरवरून, ‘आरटीओ चलान’, ‘पीएम किसान यादी’ किंवा ‘लग्नपत्रिका’ या नावाची फाइल येते. ती चित्र किंवा पीडीएफ नसते, नावाच्या शेवटी एपीके असते, म्हणजे ते अ‍ॅप आहे. टिचकी मारली की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप बसवू का? ‘हो’ म्हटले की हे पहिले अ‍ॅप ‘अपडेट आवश्यक’ सांगून खरे दुसरे अ‍ॅप उतरवते. ते एसएमएस वाचायची परवानगी मागते, मग अ‍ॅक्सेसिबिलिटीची. ही दुसरी परवानगी दृष्टिहीनांना फोन वापरता यावा म्हणून असते, तिच्या जोरावर अ‍ॅप पडदा वाचू शकते आणि बटणेही दाबू शकते. मग त्याचे चिन्ह पडद्यावरून गायब होते. ओटीपी परस्पर पुढे जातात आणि तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून तीच फाइल तुमच्या भावकीला, सोसायटीच्या ग्रुपला. खरे वाहतूक चलान फाइल म्हणून येतच नाही. ते गाडीचा क्रमांक टाकून सरकारी संकेतस्थळावर पाहायचे असते, ज्याचा शेवट गव्ह डॉट इन असा होतो.

फाइल उघडली गेली असेल तर फ्लाइट मोड लावावा आणि वाय-फायही बंद करावे, कारण पुष्कळ फोनमध्ये फ्लाइट मोडनंतर वाय-फाय चालूच राहते. सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये टाकावे, म्हणजे ओटीपी चोराच्या अ‍ॅपला मिळत नाहीत. त्या साध्या फोनवरूनच बँकेला आणि 1930 ला कळवावे. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून बदलावेत. बाधित फोनवरून बदलले तर नवा पासवर्डही चोरालाच कळतो. सिमवर ##002# डायल करून सगळे कॉल फॉरवर्डिंग काढून टाकावे. कुरिअरवाल्याच्या नावाने *21* किंवा *401* ने सुरू होणारा क्रमांक लावायला सांगतात, त्यातही हीच खोच असते: तुमचे फोन दुसरीकडे वळतात आणि बँकेचा पडताळणीचा फोन चोर घेतो. फोन लगेच फॅक्टरी रीसेट करण्याची घाई करू नये. आधी त्या फाइलचे, परवानग्यांच्या यादीचे आणि आलेल्या संदेशांचे दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवावेत.

बँकेचा म्हणून आलेला फोन ओळखायची एक नवी खूण उपयोगी आहे: बँकांनी ग्राहकांना सेवेसाठी फोन करायचा तो 1600 ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून. संकेतस्थळांसाठी ‘बँक डॉट इन’ हा शेवट 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत घ्यायचा होता. दोन्ही गोष्टी पासबुकाच्या पहिल्या पानावर छापायला हव्या होत्या. बँका त्याऐवजी विम्याची जाहिरात छापतात!

आता ज्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही त्यांच्याविषयी. चोरीच्या पैशांतले तीनशे रुपये भाजीवाल्याच्या क्यूआर कोडवर पडले तर त्याचे खातेही थरांत मोजले जाते आणि गोठते. कधी तीनशेच अडवले जातात, कधी अख्खे खाते. दुकानदाराने बँकेकडे लेखी तीन गोष्टी मागाव्यात: तक्रारीचा पावती क्रमांक, कोणत्या पोलीस ठाण्याने कळवले आणि वादातली रक्कम किती. मग त्या दिवसाचे बिल किंवा वहीतील नोंद, दुकानाचा परवाना आणि ओळखपत्र त्या ठाण्याच्या ई-मेलवर पाठवून ‘फक्त वादातली रक्कम अडवा, बाकी खाते मोकळे करा’ अशी मागणी करावी, प्रत बँकेला. ठाणे अनेकदा परराज्यात असते, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला तिथे जाणे परवडत नाही. दोन-पाच हजारांसाठी खाते भाड्याने देणाऱ्या पोरांना मात्र ही सवलत मिळू नये. अशी पोरे आरोपी होतात, साक्षीदार नव्हे. महाविद्यालयांनी हे प्रवेशाच्या दिवशीच सांगावे.

पोलिसांच्या बाजूनेही एक अडचण आहे आणि ती कायद्यातच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 नुसार त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचाच अधिकारी करू शकतो. ठाण्यात निरीक्षक दोन-तीन असतात. सहायक निरीक्षक आणि उपनिरीक्षक संख्येने जास्त, वयाने तरुण, पण त्यांना हे तपास देता येत नाहीत. तक्रारी 22 लाखांवर गेल्या, कलम 2009 पासून तिथेच आहे. ते बदलण्याची मागणी आपल्या खासदारांनी करावी.

आणखी एक गैरसमज. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. अडवलेली रक्कम परत मिळवायची तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली सहसा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी पोलिसांचा अहवाल लागतो. तेव्हा पावती क्रमांक घेऊन ठाण्यात जावे, गुन्हा नोंदवून घ्यावा आणि कोणत्या बँकेत किती रक्कम अडवली आहे त्याची यादी तपास अधिकाऱ्याकडे मागावी. ‘पैसे होल्ड झालेत’ एवढ्या तोंडी उत्तरावर महिनोन्‌महिने बसून राहिलेली कुटुंबे पुष्कळ आहेत.

आपल्याला विनंती एवढीच. यापुढे अशी बातमी छापताना बातमीदाराने तक्रारदाराला दोन वेळा विचाराव्यात, पैसे खात्यातून गेले ती आणि 1930 ला फोन लागला ती, आणि दोन्ही बातमीत द्याव्यात. अडवलेली रक्कम किती, हेही पोलिसांना विचारून त्यापुढे छापावे. नाव-गाव नसले तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, सातारा